भरल्या घरातली लेक

आमच्याकडं बेटांवर आत्याचा मान बापाहून मोठा. तिनं चटई मागितली तर चटई द्यायची, डुक्कर मागितलं तर डुक्कर. मूल मागितलं तरी तोंडातून ‘नाही’ काढायचं नसतं. म्हणून वन्सं रविवारी जेवायला येणार असा निरोप आला, तेव्हा मी आधी मधल्या लेकीला जवळ ओढलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, कितिओनेची, थोरली बहीण लोसालीने. राजधानीत, नुकुआलोफात मोठं घर, गाडी, नवरा बंदरावर साहेब. पदरी मूल नाही. माझी मधली नेसी जन्मली तेव्हापासून त्यांचा तिच्यावर डोळा. बाई वाईट नाहीत हो. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडले तरी असते.

कितिओने ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला. गारपिटीनं बागा झोडपल्या, काम बंद, पैसे बंद. आणि इकडं नेमकी शाळेला सुट्टी! तिन्ही पोरं दिवसभर डोळ्यांसमोर, आणि एकच धोशा, “आई, खायला काय आहे?” कसाव्याचा कंद आहे! दुसरं काय असणार, मेल्यांनो? सकाळी उकडलेला, दुपारी नारळाच्या दुधात, रात्री तोच तव्यावर परतून. पोरं खेळात गुंतली की भूक विसरतात, म्हणून मी रोज नवा खेळ काढायची. नेसी हिरवी लिंबं उडवून झेलायची, एकही खाली पडू द्यायची नाही. धाकटा सामी ती पडायची वाट बघत बसायचा. थोरल्या फिनेआसीला चटईसाठी केवड्याची पानं सोलायला बसवलं तर म्हणतो, “हा खेळ नाही, हे काम आहे.” चापट दिली मी. पण खरं तेच होतं.

शेजारची तौफा म्हणाली, “नणंदेला सरळ सांग की. पिठाचं पोतं पाठवेल.”

“आणि नेसीला घेऊन जाईल! म्हणेल, तुला पोसवत नाही, आण इकडं.”

“अगं, तिथं मटण तरी खाईल पोर.”

“मग तुझी दे ना!”

फुकटचा शहाणपणा शिकवायला काय जातं!

मी ठरवलं, वन्संना आपलं घर भरलेलं दिसलं पाहिजे. भरल्या घरातली पोर कोण कशाला नेईल? कितिओने परत येईल त्या दिवसासाठी राखलेलं डुकराचं एकच पिल्लू होतं. ते कापायचं. पण माझ्या पोरांनी भाजलेलं डुक्कर बघितलं असतं तर लांडग्यांसारखी तुटून पडली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून त्या आठवड्याचा खेळ काढला तो पंगतीचा.

चटई अंथरली. अंगणातल्या नीरफणसाची रुंद पानं ताटं म्हणून मांडली. ताटात काही नाही. मी झाले आत्या. “आधी आत्याला वाढायचं. तिनं घे म्हटलं की घ्यायचं. घास लहान. ताटात थोडं ठेवायचं आणि म्हणायचं, पुरे आत्या, पोट भरलं.”

“पण पोट तर भरलंच नाही,” सामी म्हणाला.

“खेळ आहे ना रे गाढवा!” फिनेआसीनं त्याच्या डोक्यात टपली मारली.

नेसी मात्र अशी खेळायची, की बघत राहावं. मांडी घालून, पदर सावरल्यासारखा झगा सावरून, हवा अशी चावायची की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. “आत्या, अजून थोडं घ्या ना, तुम्ही काहीच घेतलं नाही!” हसून हसून आमची पुरेवाट झाली. त्या आठवड्यात कुणी फारसं खायला मागितलं नाही.

रविवारी फिनेआसीनं जमिनीतल्या भट्टीत पिल्लू लावलं, तौफाकडून मागून आणलेल्या डब्यातलं मांस अळूच्या पानांत बांधून लावलं, आणि आम्ही प्रार्थनेला गेलो. परत आलो तर वासानं वेड लागायची पाळी! वन्सं आल्या, टेकल्या. पोरं रांगेत बसली. मी एकेकाच्या हाताकडं बघत होते. पण एकानं हात पुढं केला नाही. वन्संनी म्हटल्यावर घेतलं, लहान घास घेतला. सामीचे डोळे मांसावर चिकटले होते, पण हात मांडीवर होते. मी मनात म्हटलं, जिंकले गं बाई!

जेवण झालं. वन्संनी डोळ्यांना रुमाल लावला.

“मेलेनाइते, मी घाबरत आले होते. तिकडचं काम बंद पडल्याचं कानावर आलं होतं. म्हटलं, पोरांची आबाळ झाली असेल.”

“छे हो वन्सं, आबाळ कसली!”

“गाडीत पीठ आणि डबे घेऊन आले होते. आता ते काढायचीही लाज वाटते.” त्यांनी माझा हात धरला. “एक सांगू? इतकी वर्षं नेसीला मागायचं मनात होतं. पण भावाची ओढाताण चाललेली. उपाशी घरातलं मूल मागितलं तर मागणं कसलं, लोक म्हणतील पिठाच्या पोत्यावर विकत घेतलं. म्हणून तोंड उघडलं नाही. आज तुझं घर भरलेलं बघितलं. आता मोकळ्या मनानं मागते. नेसी मला दे.”

म्हणजे पोरं रड रड रडली असती, मांसावर तुटून पडली असती, तर ही बाई पीठ ठेवून गुपचूप निघून गेली असती!

“वन्सं, खरं सांगू का...” मी म्हटलं. खोटी पंगत मांडली म्हणून सांगू? नवऱ्याच्या बहिणीला फसवलं म्हणून सांगू? तेवढ्यात वन्संनी स्वतःच्या ताटातला तुकडा नेसीपुढं धरला.

“पुरे आत्या,” नेसी गोड हसून म्हणाली, “पोट भरलं.”

मी मान खाली घातली. आमच्याकडं तोच होकार.

त्याच संध्याकाळी नेसी गेली. गाडीत बसताना माझ्या कानाशी आली. “आई, मी नीट केलं ना?”

“नीट केलंस गं बाळा. तुझ्यासारखं कुणालाच जमलं नाही.”

नुकुआलोफा काही समुद्रापार नाही, बस जाते, असं सगळे मला समजावतात. पण दिलेल्या पोरीच्या मागं बसनं हिंडायचं नसतं. ती आता तिकडं आत्याला आई म्हणायला शिकेल, आणि शिकलीच पाहिजे.

दोन दिवसांनी वन्संकडून मान म्हणून सामान आलं. पिठाची पोती, डबे, मटणाचं अख्खं खोकं. पोरं नाचली. मी चूल पेटवली, रडत रडत मटण शिजवलं आणि म्हटलं, मी शिवणार नाही. पण वास सुटला. किती दिवस मी पोरांना वाढून उरलेलं खरवडून खात होते. हात थांबेना. लेकीच्या बदल्यात आलेलं ते मटण मी बोटं चाटून खाल्लं.