सहा शिट्ट्यांची माती

स्वच्छता हाच सजीवांचा खरा धर्म आहे. हे वाक्य माझं. स्वच्छता निरीक्षक म्हणून पस्तीस वर्षं खाणावळींच्या मोऱ्यांत वाकून मी ते सिद्ध केलं. निवृत्तीनंतर तेच टोमॅटोच्या वीस रोपांना लागू केलं. त्यातली एकोणीस मेली.

बियाणं आईच्या हातचं. तिच्यामागे ताईने ते दरवर्षी कागदावर वाळवून जपलं. ताई खालच्या मजल्यावर राहते आणि एका तडा गेलेल्या टबात टोमॅटो लावते. त्यात भाजीची सालं, सडका पाला, काय वाट्टेल ते टाकते. मी तिला म्हणालो होतो, टबात झाड नव्हे, साथ वाढवतेयस. आईचं बी कसं वाढवायचं ते मी दाखवतो. नाही जमलं तर जन्मात तुला स्वच्छतेवर चकार शब्द बोलणार नाही. ताईने मोजून वीस बिया दिल्या आणि नुसती हसली.

मग मी कामाला लागलो. कुंड्या ब्लीचिंग पावडरने घासल्या. बिया बेताच्या कढत पाण्यात बुडवून ठेवल्या. माती कुकरमध्ये घालून सहा शिट्ट्या काढल्या. बायकोने, वरून फोडणी देऊ का, एवढंच विचारलं.

रोपं उगवली, माझ्यासारखीच ताठ. महिन्याभराने एकाने मान टाकली. आठवड्यात रांगच्या रांग आडवी झाली. उरलं एक, आणि तेही दुपारी मलूल दिसायचं.

ताईची मुलगी वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने एका मेलेल्या रोपाचा देठ उभा चिरला. आत तपकिरी रेघ. मर रोग, मातीतल्या बुरशीचा, म्हणाली. मग मी काय काय केलं ते तिने शांतपणे ऐकून घेतलं. कुकरपाशी आल्यावर तिने चष्मा काढून पुसला.

"मामा, झाडाच्या आत जंतूंची बिऱ्हाडं असतात. मुळांत, देठात. झाडाची थोडी साखर खातात आणि त्या बदल्यात पहारा देतात. कुणी बुरशीला मारतं, कुणी जागा अडवून बसतं, कुणी झाडालाच सावध ठेवतं. थोडे बियांतून येतात, बाकीचे मातीतून. तुम्ही दोन्हीकडचे उकडलेत. मग रोग आला, तेव्हा कोण रे तू म्हणायला घरात कुणी नव्हतं."

मी निरीक्षकाच्या आवाजात विचारलं, एवढ्या बंदोबस्तात रोग आलाच कुठून? तिने कोपऱ्यातल्या माझ्या खुरप्याकडे पाहिलं. त्यावर गेल्या वर्षीचा चिखल होता. तेवढं धुवायचं राहिलं होतं.

उरलेल्या रोपाला ताईच्या टबातली माती घालून बघा, खात्री देत नाही, असं सांगून भाची गेली.

वाटी घेऊन मी जिना उतरलो. वाटेत भाषण जुळवलं. त्यात विज्ञान होतं, आईची आठवण होती, माफी मात्र आडवळणाने होती. ताई दारातच मटार सोलत बसली होती.

"किती गेली?"

"एकोणीस," मी म्हणालो. भाषण तिथेच संपलं. मी वाटी पुढे केली आणि टबाकडे बोट दाखवलं.

ताईने टोमणासुद्धा मारला नाही, तो निदान परतवता आला असता. वाटी घेऊन ती उठली आणि माझ्या धाकाने लागलेल्या जुन्या सवयीने नळाकडे वळली.

"ताई," मी म्हणालो, "वाटी तेवढी धुऊ नकोस."