लाथ मारणारं कोकरू

साखरबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता मेंढरं विकली गेली, पिंपळीत दीड एकर रान आणि दोन जर्सी गाई आल्या, शंभूराज दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर झाला, पण म्हातारीचे हात काही ते जुनं विसरले नाहीत. शेजारपाजारी कुणाची शेळी अडली तर डॉक्टरच्या आधी साखरबाईला हाक जायची. एवढ्या वर्षांत तिनं एक नियम गाठीला बांधला होता. नुकतं जन्मलेलं कोकरू लाथा झाडत असेल तर ते जगतं, गप पडून राहिलं तर त्याची आशा सोडावी. हा नियम रानात कधी खोटा ठरला नाही. खोटा ठरला तो घरात, तिच्या सुनेच्या बाबतीत.

सून प्रतिक्षा गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करायची. मागच्या वर्षी भिगवणजवळ नवरा-बायकोच्या मोटरसायकलला टेम्पोनं मागून उडवलं. शंभूराज खरचटण्यावर सुटला, प्रतिक्षाचा पाठीचा मणका दुखावला. ऑपरेशन झालं, व्यायामात महिने गेले, शेवटी ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरू लागली. पण पायांनी नवंच सोंग काढलं. कधी ते लाकडासारखे ताठ व्हायचे, कधी एकमेकांवर चढायचे आणि मध्येच अशी उसळी घ्यायचे की पांघरूण पार भुईवर जाऊन पडायचं. शिवाय तळव्यांत आग होई ती वेगळीच. बारामतीच्या डॉक्टरबाई राजेश्वरी मॅडमनी आगीसाठी रात्रीची कॅप्सूल दिली आणि ताठरपणासाठी बॅक्लोफेनची पांढरी गोळी, दिवसातून तीन वेळा. शंभूराज तांबडं फुटायच्या आत टँकरवर निघून जाई, म्हणून गोळ्यांचं खातं साखरबाईकडं आलं. पहाटेच्या चहाबरोबर पहिली गोळी ती स्वतः सुनेच्या तळहातावर ठेवायची.

केंद्राचे सचिव आप्पासाहेब माणूस भला. त्यांनी वर्षभर प्रतिक्षाची जागा धरून ठेवली. पण माघात ते घरी आले आणि चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, की आता सभासद कुरकुर करतात, पाडव्यापासून तिला सकाळचे दोन तास उभं राहता आलं तर ठीक, नाहीतर दुसरं माणूस नेमावं लागेल. बसून होणारं ते कामच नव्हतं. काट्यावर कॅन बघायचा, नमुना काढून यंत्राला लावायचा, वळून खिडकीतून पावती द्यायची. प्रतिक्षा एवढंच म्हणाली, की पाडव्याला मी येणार. आप्पासाहेब गेल्यावर तिनं वॉकर ओढला आणि दाराची चौकट धरून उभं राहायचा सराव सुरू केला.

नेमक्या त्याच सुमाराला उसळ्या वाढल्या म्हणून मॅडमनी गोळी वाढवली. उसळ्या थांबल्या खऱ्या, पण सकाळी सहाच्या पुढं पाय असे ढिले पडत की गुडघ्यातून माणूस खालीच बसावं. दोनदा ती चौकटीपाशी घसरली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा रडली नाही, पण जमिनीवर बसूनच हाताच्या मुठीनं मांडीवर मारत राहिली. ते साखरबाईला बघवेना. गोळी नव्हती तेव्हा पाय लाथा तरी मारत होते, आता गप पडलेत, म्हणजे ही गोळीच पायातला जीव खातेय, असा तिचा हिशेब झाला. तिनं सुनेला जवळ घेऊन सांगितलं, की दोन-चार दिवस पांढरी गोळी बंद करून बघू, शंभूला कळवायची गरज नाही, तो उगाच डॉक्टरांचं गाणं लावील. प्रतिक्षाला भीती वाटली. पण पाडवा महिन्यावर आला होता, आणि सासूच्या हातानं किती जनावरं वाचली हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी जादूच झाली म्हणायची. प्रतिक्षा चौकट धरून चांगली वीस मिनिटं उभी राहिली. पाय ताठ, पण भक्कम. साखरबाईनं तिची दृष्ट काढली आणि त्या आनंदात गाईंना मूठभर पेंड जास्त घातली. दुसऱ्या दिवशी प्रतिक्षाच्या अंगाला खाज सुटली, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकले ते सुटेनात. साखरबाई म्हणाली, जीव परत यायचा म्हणजे त्रास होणारच. तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेचं अंग तव्यासारखं तापलं आणि ती छताकडं बघत बोलू लागली, "बत्तीस नंबर, फॅट चार-दोन. पुढं या. गर्दी करू नका." खोलीत साखरबाईशिवाय कुणी नव्हतं.

शेजारच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला बारामतीला नेलं. शंभूराज टँकर सोडून थेट दवाखान्यात आला. मॅडमनी ताप पाहिला, पाय पाहिले, रक्त-लघवी तपासायला पाठवलं, कुठं जंतूंची लागण झाली का, मेंदूपर्यंत काही गेलंय का, असं त्या नर्सशी बोलत होत्या. मग त्यांनी विचारलं, औषधं नीट चालू आहेत ना?

शंभूराज म्हणाला, "एक बी चुकली न्हाय, मॅडम. आई सोताच्या हातानं देती."

सगळ्यांनी साखरबाईकडं पाहिलं ते कौतुकानं, आणि तेच तिला सोसवेना. खरं जाणणारं दुसरं माणूस खाटेवर बरळत पडलं होतं. गप राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. घरात तिचा शब्द चाले तो तिच्या या हातांच्या जोरावर, आणि लेकासमोर, परक्या बाईसमोर तेच हात चुकले म्हणायचं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खाटेवरून पुन्हा आवाज आला, "बत्तीस नंबर," आणि साखरबाई पुढं झाली.

"गोळी म्या बंद केली. आज तिसरा दिस हाय. तिचं मन न्हवतं, म्याच भरीला घातली. काय करायचं त्ये मला करा, पर आधी तिला बघा."

 मॅडमनी वळून नर्सला भराभर सूचना दिल्या, गोळी पुन्हा सुरू झाली, सलाईन लागलं. शंभूराज आईकडं न बघता भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचं ते न बघणं तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रतिक्षा माणसांत आली. मॅडमनी साखरबाईला खुर्ची दिली आणि गोळी का बंद केली ते विचारलं. साखरबाईनं कोकराचा नियम सांगितला. मॅडमना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "कोकरू लाथ मारतं ते त्याच्या डोक्याच्या हुकमानं. हिच्या डोक्याचा हुकूम मणक्याखाली नीट पोचत नाही, म्हणून पाय मोकाट सुटतात. गोळी त्यांना आवरते. शरीराला तिची सवय झाली की ती एकदम सोडता येत नाही, जिवावर बेततं. वाढवायची तीही हळू, कमी करायची तीही हळू, आणि आम्हाला विचारून."

चुकलं ते साखरबाईनं पदरात घेतलं. पण पदरात घेऊन गप बसेल ती साखरबाई कसली.

"माझं चुकलं, बाई. पर पयल्या दिशी ती उभी राह्यली व्हती, वीस मिंटं. गोळी वाढल्यापास्नं ती सकाळची उभीच राहत न्हवती. त्ये बी खोटं न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. शंभूराज म्हणाला, उसळ्या थांबल्या म्हणून आम्हाला वाटलं बरंच आहे. मग मॅडम सावकाश बोलल्या. काही माणसांना हा ताठरपणाच उभं राहायला टेकू होतो. सगळा काढला तर माणूस खाली बसतं, सगळा ठेवला तर हलता येत नाही. हिला किती ठेवायचा ते कळायला रोज बघून सांगणारं माणूस पाहिजे. पाय कधी ढिला पडला, कधी उसळला, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, सगळं लिहून आणायचं.

साखरबाईला लिहिता येत नव्हतं. पण शे-सव्वाशे मेंढरांत कुठली व्यालेली, कुठली लंगडी, याची नोंद तिनं जन्मभर लोकरीच्या धाग्याला गाठी मारून ठेवली होती. घरी येऊन तिनं जुनी पिशवी सोडली, मुठीएवढी उरलेली लोकर काढली आणि चातीवर कातायला बसली. वेळा तीन, म्हणून जोड्या तीन. प्रत्येक जोडीत एक काळा धागा, एक पांढरा. पाय ढिला पडला की काळ्याला गाठ, उसळला की पांढऱ्याला. शंभूराज अजून तिच्याशी तुटक बोलत होता. तिनं त्याची मनधरणी केली नाही. रोज गोळी दिली की घरातल्यांसमोर पट्टीतला रिकामा कप्पा दाखवायचा आणि सुनेच्या पायांकडं डोळे लावून बसायची, एवढंच तिनं धरलं.

आठ दिवसांनी ते धागे मॅडमच्या टेबलावर पसरले. सकाळचा काळा धागा नुसता गाठींचा झाला होता. दुपारचे दोन्ही जवळजवळ मोकळे. संध्याकाळनंतरच्या पांढऱ्याला सात गाठी. मॅडमनी एकेक गाठ बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, की पहाटेच्या गोळीचा जोर नेमका उभं राहायच्या वेळेला चढतो, आणि रात्री मात्र तिची गरज आहे. सकाळची गोळी त्यांनी अर्धी केली, ती पहाटे न देता काम उरकल्यावर द्यायला सांगितली, दुपारची आणि रात्रीची तशीच ठेवली. प्रत्येक बदलानंतर आठवडाभर थांबायचं आणि धागा दाखवायचा. शंभूराजनं परतताना आईच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. 

पाडव्याला गुढी उभारायच्या आधीच केंद्रापुढं कॅनची रांग लागली. प्रतिक्षा वॉकरवर आली, काट्याशी पोचल्यावर वॉकर भिंतीला लावला आणि कंबर कट्ट्याला टेकून उभी राहिली. साखरबाई मुद्दाम आपला कॅन घेऊन रांगेत सगळ्यांत शेवटी थांबली. कनवटीला गोळी होती, हातात काळा धागा.

सात वाजता प्रतिक्षाचा डावा पाय थरथरला. आप्पासाहेबांनी घाईनं खुर्ची पुढं सरकवली. साखरबाईला धावत जाऊन सुनेला कवेत घ्यावंसं वाटलं. पण सुनेनं तिच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. टाच जमिनीवर दाबून धरली, थरथर पोटरीतून वर आली, गुडघ्यात ताठ झाली आणि त्याच ताठरपणावर तिनं अंगाचा भार टाकला. खुर्ची तशीच राहिली.

"बत्तीस नंबर," ती म्हणाली, "पुढं या." बत्तीस नंबरचा माणूस खरोखरच समोर उभा होता.

आठला शेवटचा कॅन आला तो साखरबाईचा. प्रतिक्षानं नमुना यंत्राला लावला, आकडा पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्या, फॅट कमी लागलीय. पाणी पडलंय का दुधात?"

उभ्या आयुष्यात साखरबाईच्या दुधाला असं कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या कुणाची बिशाद झाली असती तर तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण आज डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ती म्हणाली, "न्हाय गं. पेंड कमी पडली आसंल. उद्या वाढवते."

"वाढवा. आणि गोळी द्या आता माझी. वेळ झाली."

साखरबाईनं कनवटीची पुडी सोडली. अर्धी गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि ती घशाखाली उतरेपर्यंत तिथंच उभी राहिली. काळ्या धाग्याला त्या दिवशी एकही गाठ पडली नाही.