चिंच आणि राख

“कायले घासून राहिली वो पोरी? थो पिवळा रंग निघत नाही. डाग नाही थो.”

बेबीबाईंनी रश्मीच्या हातातली काचेची पट्टी अलगद काढून घेतली. भंडाऱ्याच्या त्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा धुता-पुसता बाईंची एकतीस वर्षं गेली होती. आजचा दिवस शेवटचा. उद्यापासून मोरीजवळचं स्टूल रश्मीचं.

“मॅडमनं सांगतलं मावशी. साफ झाल्या तं ठेवा, नाई तं भंगारात.”

बाईंनी पट्ट्यांचं खोकं आपल्याकडे ओढून घेतलं. त्या पट्ट्या याच प्रयोगशाळेत संशोधन केलेल्या कृष्णराव सरांच्या होत्या. सर वारल्यालाच सहा वर्षं झाली.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अशी एक पट्टी त्यांना मोरीत दिसली होती, मधासारखी पिवळी. टेबलाखाली लुगड्याच्या घडीवर त्यांची वर्षभराची लेक नंदिनी झोपलेली. सरांची काच आपल्याच हातून नासली, आता नोकरी जाणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. माहेरच्या गल्लीत पितळ चिंचेनं लख्ख होताना त्यांनी पाहिलेलं. तीन दिवस त्या चिंच आणि राख घेऊन घासत राहिल्या. चौथ्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले, तेव्हा बाईंना रडूच फुटलं. सरांनी मात्र हा डाग नव्हे असं सांगत पट्टी खिडकीशी धरली आणि नंदिनीला उचलून त्या काचेतून बाहेरचं आभाळ दाखवलं. खुदकन हसली होती पोर.

“डाग नाही म्हणता?” दारातून ज्योत्स्ना मॅडमनी विचारलं. त्या विभागप्रमुख, नव्यानंच आलेल्या.

“नाही जी. वरून लागला असता तं निघाला असता. चांदीचं मीठ वितळवून सर काच त्यात बुडवत. मंग काचातलं सोडियम उठते, अन् त्याच्या जागी चांदी बसते. यष्टीतल्या शीटावानी. शीट थेच, बसणारा बदलला. जास्त येळ राह्यली का अशी पिवळी पडते.”

“आणि त्यानं होतं काय?” मॅडम आता टेबलाला टेकल्या होत्या.

“उजेड वाकते. धानाच्या बांधीत पाणी राह्यते ना, तसा काचातच अडून राह्यते. सर लेझर सोडत तं आत लाल रेघ दिसे, सरळ. माह्या डोयानं पाह्यली.”

“अगबाई!” रश्मी म्हणाली. “मावशी तं प्रोफेसरच निघाली!”

मॅडम हसल्या नाहीत. खोक्याच्या तळाशी कागदी पाकिटं होती, सरांच्या बारीक इंग्रजी अक्षरांची. तापमान, मिनिटं, तारखा. इतकी वर्षं बाईंनी त्यांच्यावरची धूळ झटकली होती. अक्षरं काय म्हणतात ते कधी कळलं नव्हतं. एका पाकिटाशी मॅडम थबकल्या.

“बेबीबाई, तुमचं नाव आहे इथं.”

“माहं?”

“‘स्लाइड क्रमांक सात. बेबीबाईंनी तीन दिवस चिंच आणि राखेनं घासली. रंगात फरक नाही. मेहनत उत्तम.’” मॅडमनी इंग्रजीचं मराठी करत वाचलं.

नळ थेंबथेंब गळत होता. रश्मीनं तो घट्ट पिळला.

“खोकं कपाटात ठेवा,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “वरच्या फळीवर.”

ठेवण्याआधी बाईंनी सात नंबरची पट्टी एकदा खिडकीशी धरली. त्या काळी चांदीच्या पाण्यानं त्यांची बोटं काळी पडत आणि आठ-दहा दिवसांत आपोआप उजळत. आता ती नुसती सुरकुतलेली होती. तळहातावर मधाच्या रंगाचा एक चौकोन पडला. बाईंनी मूठ मिटली.

तो पिवळा उजेड मुठीवर आला.