इंजिनाला आराम, मला घाम

मी रेडिएटर बोलतोय. ट्रकच्या तोंडाशी, जाळीआड उभा असतो ना, तोच. लगेच जांभई देऊ नका. इंजिन बोलायला लागलं असतं तर कान टवकारून बसला असतात!

माझं काम साधं. इंजिनात तापलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांत येतं, समोरून वारा लागतो, पाणी निवतं आणि परत जातं. कारखान्यात मला हवा भरून पाण्यात बुडवलं होतं, तेव्हा एक बुडबुडासुद्धा सुटला नव्हता. किती मिरवलो होतो मी तेव्हा!

माझा ट्रक अवजड यंत्रं वाहायचा. घाट उतरताना सगळा भार पायाच्या ब्रेकवर पडू नये म्हणून त्याला रिटार्डर बसवला होता. हा जोडीचा ब्रेक चाकांना न घासता वेग दाबून धरतो. सगळे त्याचं तोंडभर कौतुक करतात. पण वेग दाबला की उष्णता होते, आणि ती हे महाशय कुठे टाकतात? माझ्या पाण्यात! घरचं सगळं खरकटं एकाच मोरीत लोटावं तसं.

बरं, टाका. मी निववेन. पण पाणी पळवणारा पंप आणि वारा घालणारा पंखा दोघंही इंजिनाच्या जोरावर फिरतात. इंजिन पेंगलं की तेही पेंगतात. आणि आमचे ड्रायव्हर मामा मायाळू! चढ संपला की म्हणायचे, "दमला रे बाबा, आता जरा निवांत हो." असं इंजिनाला म्हणत, ते हळू फिरावं म्हणून वरचा गिअर टाकायचे. इंजिन घुमायचं मांजरासारखं, रिटार्डर जोरात, आणि मी मात्र तापून लाल. माझ्याशी कधी एक शब्द नाही.

एका लांब उतारावर व्हायचं तेच झालं. पाणी उकळलं, पाइप फुटला. गरम झालेल्या रिटार्डरने आपणहून हात आखडता घेतला. मामांनी पायाचा ब्रेक दाबला, तोही धुरकटला. शेवटी त्यांनी गाडी ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी रस्त्याकडेला केलेल्या खडीच्या चढणीत घातली. मामा वाचले. खडी माझ्या छाताडात घुसली.

मग मला काढून नेलं ते थेट इंजिनीअर ताईंच्या टेबलावर. खाली तसराळं ठेवलं, कारण मी अजून ठिबकत होतो. याच ताईंनी कॉम्प्युटरवर माझं गणित मांडलं होतं: उतारावर किती उष्णता येईल, मी किती निववेन. गणित ठणकावून सांगत होतं की पाणी उकळणं शक्य नाही. मग कंपनीच्या साहेबांचा निकाल तयारच होता. पाइप खडीत फुटला असणार; मामांनी रिटार्डर लावलाच नाही म्हणून ब्रेक जळला, आता खोटं बोलतायत. त्यांना कायमचं गाडीवरून उतरवायचं.

मामा आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

"मामा, खरं सांगा. रिटार्डर लावला होता?"

"लावला होता हो ताई. लेकीची शपथ."

"मग पाणी उकळलं कसं? गणितात बसत नाही."

"तुमचं गणित माझ्या शेजारी बसलं होतं का घाटात?"

ताई चिडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. अहो, पंप! पंप बघा! मी आतल्या आत किंचाळत होतो. पण माझ्यातून फक्त एक थेंब पडला.

"इंजिन ओरडत होतं?" त्यांनी सहज विचारलं.

"छे! उतारावर मी त्याला ओरडू देत नाही. बायको म्हणते, एवढी काळजी माझी कधी घेतली नाहीत."

ताईंचा हात थांबला. त्यांनी पंपाचा वेग चढावरच्या मोजणीवरून घेतला होता. त्यांच्या गणितात पाणी कायम धावत होतं. त्यांनी तो एक आकडा कमी केला. पडद्यावरची तापमानाची रेघ सरसर चढली आणि लाल पट्ट्यात घुसली.

"मामा, तुम्ही खरं बोलताय. चूक माझ्या गणितात आहे," ताई म्हणाल्या. "पण खालचा गिअर टाकला असतात तर हे झालं नसतं."

मामा उठले. मग माझ्या चेपलेल्या छातीवर त्यांनी तळवा ठेवला. "म्हणजे मी त्याचे लाड करत होतो आणि जीव याचा जात होता?"

हो! हेच तर सांगतोय कधीपासून!

मामांची गाडी त्यांच्याकडेच राहिली. मी मात्र परत लागण्यासारखा उरलो नव्हतो. आता मी ड्रायव्हरांच्या शिकवणीवर्गात भिंतीला टांगलेला असतो. मामा अधूनमधून येऊन माझ्याकडे बोट दाखवून खालच्या गिअरचं सांगतात. पोरं माना डोलावतात आणि मग विचारतात, "पण मामा, इंजिन केवढ्याचं?" काल तर कुणी माझ्यावर ओला नॅपकिन वाळत घातला होता.

तेव्हा बाबांनो, उतारावर इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. त्याला ओरडायला आवाज तरी आहे. मी ओरडलो की नुसती वाफ निघते, आणि ती दिसेपर्यंत तुमचा ब्रेक गेलेला असतो.