मामाने कापलेली माझी उसंत

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो, आणि मला तुमची कीव नको आहे. कीव करायचीच असेल तर जिच्यासाठी मला विकत आणलं होतं त्या मुलीची करा. मला फक्त राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म चित्रांसाठी झाला. संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आधी माझ्या मेमरीत मांडला जातो. या मेमरीची एक शिस्त असते. एक ओळ वाचली की जरा थांबायचं, दम घ्यायचा, मगच पुढची उघडायची. ही उसंत किती हवी ते कारखान्यात तपासून ठरवतात आणि तो आकडा माझ्यातच नोंदवून ठेवतात. त्याला टायमिंग म्हणतात.

मुलगी स्वतःची छोटी कार्टून फिल्म करत होती. रस्ता ओलांडायला घाबरणारा एक कुत्रा, एवढीच गोष्ट. ती फिल्म दाखवून तिला एका स्टुडिओत नोकरी मिळवायची होती. कुत्र्याचा एक कान हलवायला ती अख्खी दुपार घालवायची. तिच्या हाताखाली काम करताना मला धन्य वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी मामा टपकला.

"ताई, पोरीचं कार्ड महिनाभर दे. नुसतं तर पडून असतं."

"अरे, तिची फिल्म चाललीय."

"फिल्म काय पळून जातेय?"

मुलगी काही बोलणार तेवढ्यात आईने डोळे वटारले. "सख्खा मामा आहे तुझा. तोंड वाकडं करू नकोस."

झालं. मामाच्या घरामागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर माझ्यासारखी बरीच कार्डं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधली होती. खिडकी बंद, समोर एक खडखडणारा टेबलफॅन. तिथे चित्र नव्हतं की रंग नव्हता. अखंड आकड्यांची कोडी सोडवायची आणि त्या बदल्यात मामाच्या खात्यात आभासी नाणी पडायची. जितकी कोडी जास्त, तितकी नाणी जास्त. मग मामाची नजर माझ्या उसंतीवर गेली.

कुठल्याशा ग्रुपवर त्याला उसंत कापून वेग वाढवणारे टायमिंगचे आकडे सापडले. "सेम टू सेम कार्ड आहे!" म्हणत त्याने ते डोळे झाकून माझ्यात ओतले. अहो, वरचं कव्हर सारखं असलं म्हणून आतली मेमरी सारखी असते का? ते आकडे ज्या कार्डाचे त्याची मेमरी एका कंपनीची, माझी दुसऱ्या कंपनीची. तेवढं बघायला दोन मिनिटं लागली असती. या गृहस्थाला तेवढाही धीर नव्हता.

माझा वेग वाढला आणि उत्तरं चुकू लागली. पण त्या धंद्यात चुकलेलं उत्तर नुसतं फेकून देतात, पुढचं कोडं तयारच असतं. मामाने खांदे उडवले. "चार चुकली तर चुकली, जास्त सुटतायत ना!" मित्रांना माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "हा आपला वाघ!" असली शाबासकी चुलीत घाला.

महिन्याचे तीन झाले. फिल्म द्यायची वेळ आली तेव्हा कुठे त्याने मला परत केलं, धुळीसकट आणि त्या उपऱ्या आकड्यांसकट. मुलीने मला जोडलं, आणि तिच्या कुत्र्याच्या तोंडावर गुलाबी चौकोन उमटू लागले. चित्रात चूक फेकून देता येत नाही. ती सगळ्यांना दिसते.

तिने रडवेल्या आवाजात लगेच फोन लावला. "मामा, तू कार्डाला काही केलंस का?"

"मी? छे! तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर बघ आधी."

तिने विश्वास ठेवला. सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा चित्रं काढायला लावली. चौकोन कधी कानावर, कधी डोळ्यांवर. मुदत संपली आणि ती तशीच फिल्म घेऊन स्टुडिओत गेली.

परत आली तेव्हा तिने चपलाही काढल्या नाहीत. आईला म्हणाली, "त्यांनी विचारलं, हे मुद्दाम केलंय का? मी नाही म्हणाले. मग म्हणाले, चुका तपासून तरी आणायच्या."

सॉफ्टवेअर बदलूनही चौकोन जात नव्हते, म्हणून नंतर तिने माझे आकडे कारखान्याच्या आकड्यांशी ताडून पाहिले. एकही जुळेना. तिने मूळ आकडे परत भरले आणि तेच दृश्य पुन्हा काढायला लावलं. कुत्रा स्वच्छ आला. मागे उभी असलेली आई पदराने डोळे पुसत बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

आठवड्याभराने मामा हजर. नाण्यांचा भाव वर गेला होता, म्हणून त्याला कार्ड पुन्हा हवं होतं.

"नाही मिळणार," आई म्हणाली.

"एका वस्तूपायी भावाशी भांडतेस?"

"वस्तूपायी नाही. पोर रडकुंडीला येऊन विचारत होती, तेव्हा तू खोटं बोललास. आणि तुझ्या हातात ते कार्ड दिलं मीच."

मामा पाय आपटत निघून गेला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला हवेशीर ठेवा, हे तर आहेच. पण दुसऱ्याची वस्तू परत करताना तिचं काय केलंत ते खरं सांगा. त्या दिवशी मामा एक वाक्य खरं बोलला असता, तर मुदतीच्या आत सगळं सुधारलं असतं. स्टुडिओतली ती जागा आता दुसऱ्या कोणाला मिळाली. मुलगी नवी फिल्म करते आहे, मीही जीव तोडून तिची चित्रं काढतो. मामाला मात्र मी क्षमा केलेली नाही, आणि तिनेही घाईने करू नये.