बिअरच्या मांडवात

जायची टूम अबोलीनेच काढली होती. अमेरिकेत, बॉथेलच्या एका अपार्टमेंटमध्ये तिघी राहायच्या. अबोली बायोटेक कंपनीत नोकरीला, रीमा एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि उन्हाळ्यापासून तिसऱ्या खोलीत आलेली ज्ञानदा, नागपूरहून मास्टर्ससाठी आलेली. ज्ञानदा म्हणजे सकाळी युनिव्हर्सिटी, संध्याकाळी लायब्ररी आणि रविवारी कपडे. बोलायला गोड, पण स्वतःविषयी एका वाक्यापलीकडे जायची नाही.

"डोंगरापलीकडे एक गाव आहे, सगळं जर्मनीसारखं नटवलेलं. बिअर फेस्टिव्हल चालू आहे तिथे. चल ना यार," अबोली म्हणाली. "ड्राइव्ह मी करते, प्यायचं काम तुझं."

रीमाला वीकेंडला ऑन-कॉल होतं. ज्ञानदाने आधी आढेवेढे घेतले, मग शनिवारी सकाळी स्वतःच तयार होऊन सोफ्यावर येऊन बसली.

हायवे टूवर धुकं होतं आणि घाटाच्या पलीकडे एकदम लख्ख ऊन. नकाशा ज्ञानदाच्याच फोनवर चालू होता. पोचेपर्यंत त्याची बॅटरी संपत आली, म्हणून तो तिने गाडीतच चार्जिंगला ठेवला. क्षणभर ती दारापाशी घुटमळली. "राहू दे गं, हरवणार आहोत का आपण?" अबोली म्हणाली, आणि दोघी निघाल्या.

मैदानात मोठा पांढरा मांडव घातला होता. आत लांबच लांब बाकं, ब्रास बँड, चामड्याच्या तोकड्या चड्ड्या घातलेले आजोबा, आणि दुधाच्या बरणीएवढाले बिअरचे मग. दोघी आधी सॉसेजच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग काउंटरजवळ आली तशी ज्ञानदा बाथरूमला जाऊन आली आणि म्हणाली, "चल, आता पटकन खाऊ." पण नेमका तेव्हाच काउंटरवरच्या बाईने हात वर केले. गॅस संपला होता, वेळ लागणार होता. दुसरीकडच्या रांगा मैदानाबाहेर गेलेल्या.

"तुझी बिअर घेऊ, तोवर गॅस येईल," अबोली म्हणाली.

ज्ञानदाने रांगेकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग बिअर आली, बँडने सूर बदलला, कोणीतरी दोघींना हाताला धरून नाचात ओढलं. ज्ञानदा इतकी छान नाचते हे अबोलीला त्या दिवशी कळलं. अनोळखी म्हाताऱ्यांबरोबर, पोरींबरोबर गोल गोल फिरत होती, हसत होती. अबोली बाकावर बसून तिचे फोटो काढत होती आणि मनात म्हणत होती, बरं झालं आणलं हिला.

मग ते हसणं जरा जास्तच व्हायला लागलं.

ज्ञानदा बाकाशी आली तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता. "बस जरा," अबोली म्हणाली.

"का बसू? तू कोण मला सांगणारी?"

अबोलीला वाटलं, गंमत करतेय. पण ज्ञानदाच्या चेहऱ्यावर गमतीचा लवलेश नव्हता. तिचा बिअरचा मग अर्धासुद्धा संपला नव्हता. एवढ्याशा बिअरने हिला चढली? अबोलीला हसू आलं आणि थोडी चीडही. तिने दंडाला धरून तिला खाली बसवायला पाहिलं, तशी ज्ञानदाने जोरात हिसडा दिला. तिचा हात मागच्या माणसाच्या मगावर बसला आणि सगळी बिअर त्याच्या बायकोच्या अंगावर.

बाई किंचाळली. माणूस उठला. अबोली "सॉरी, सॉरी" म्हणत टिश्यू शोधत होती, तेवढ्यात ज्ञानदा त्या माणसाला अडखळत्या जिभेने चक्क नागपुरी सुनावायला लागली, "काय पाहून राहिला बे?" आणि तिने त्याला ढकललं.

सिक्युरिटीचे दोघे आले. एक धिप्पाड, लाल दाढीवाला. दुसरी ठेंगणी बाई, हातात वॉकीटॉकी. त्यांनी ज्ञानदाला दोन्ही बाजूंनी धरून मांडवाबाहेर कुंपणाशी आणलं. अबोली दोघींच्या बॅगा छातीशी धरून मागून धावत होती.

"मॅम, तुमची मैत्रीण खूप प्यायलीय," दाढीवाला म्हणाला. "हिने एका माणसाला ढकललंय. पोलीस येतायत."

पोलीस म्हटल्यावर अबोली पुढे झाली. ज्ञानदा स्टुडंट व्हिसावर होती. अटक झाली तर पुढे काय काय होऊ शकतं याच्या गोष्टी प्रत्येक देशी ग्रुपवर फिरत असतात. "प्लीज, मी हिला गाडीत घेऊन जाते, आत्ता निघतो आम्ही," ती म्हणाली. गाडीत नेऊन झोपवायची, उठेल तेव्हा बरी होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"गाडी कुठे आहे?" बाईने विचारलं. तिचा आवाज जरा मऊ होता. "झोपवणार असाल तर मी बोलून बघते."

अबोली हो म्हणणारच होती. इतक्यात ज्ञानदा "गरम होतंय, गरम होतंय" करत स्वेटर ओढायला लागली. गार वारा सुटलेला, आणि हिचा टी-शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. स्वेटर एका बाहीतून निघाला. दंडाच्या मागच्या बाजूला एक पांढरी गोल चकती चिकटवलेली होती.

अबोली बघतच राहिली. ही चकती तिने टीव्हीवर शंभरदा पाहिली होती. प्रत्येक मालिकेच्या मध्ये जाहिरातीत हसरे अमेरिकन आजी-आजोबा दंड दाखवत फिरायचे. शुगर मोजायचा सेन्सर. आणि मग एका क्षणात उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे, जेवणाआधी दर वेळी बाथरूम, गॅस संपला म्हटल्यावर रांगेकडे टाकलेली ती नजर, सगळं एकत्र येऊन आदळलं. हिने रांगेत असतानाच इन्सुलिन घेतलं होतं. आणि नंतर खाल्लं काहीच नव्हतं.

"ही प्यायलेली नाही!" अबोली ओरडली. "डायबेटिक आहे! शुगर पडलीय हिची! मेडिकला बोलवा!"

"मॅम, मीच हिच्या हातात मग पाहिला," दाढीवाला म्हणाला.

"हा बघा दंड! झोपवलं तर मरेल ती!"

हे शब्द तोंडातून निघाले आणि अबोलीच्या लक्षात आलं. झोपवायचं आपणच ठरवलं होतं. वॉकीटॉकीवाल्या बाईने चकतीकडे पाहिलं आणि न बोलता बटण दाबलं.

ज्ञानदाचे गुडघे वाकायला लागले होते. दाढीवाल्याने तिला अलगद गवतावर बसवलं. अबोलीने दोन्ही बॅगा गवतावर उलट्या केल्या. लिपस्टिक, किल्ल्या, पाण्याची बाटली, ग्लुकोजच्या गोळ्यांची एक नळी. रिकामी. ती उठून धावली. पहिल्या स्टॉलवर बिअर, दुसऱ्यावर डाएट सोडा, तिसऱ्यावर सायडर, पण तोही दारूचा. "ज्यूस आहे का? साखर? काहीही?" लोक बाजूला सरकत होते, वेडी बघितल्यासारखे बघत होते. पुढे एका बाबागाडीत एक लहान मुलगी ज्यूसच्या पाकिटाला स्ट्रॉ लावून चोखत बसली होती.

"माझ्या मैत्रिणीची शुगर पडलीय, मला ते द्या, प्लीज," अबोली तिच्या आईला म्हणाली. आईने एक क्षण तिच्या तोंडाकडे पाहिलं, मुलीच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि पिशवीतलं दुसरंही दिलं. मुलीने भोकाड पसरलं. अबोली ते रडणं ऐकत परत पळाली.

ज्ञानदाचे डोळे उघडे होते पण कोणाकडेच बघत नव्हते. अबोलीने स्ट्रॉ ओठांना लावली. तिने तोंड फिरवलं. पुन्हा लावली, तिने हाताने झटकली.

"ज्ञानदा, पी."

"नाही पाहिजे. घरी जायचं."

"घरी जाऊ. आधी पी. ऐक माझं बाळा, एक घोट." बाळा हा शब्द अबोलीने आयुष्यात कधी कोणाला वापरला नव्हता. "एवढा एक. गिळ. शाब्बास. अजून एक."

अर्धं अंगावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. दुसरं पाकीट निम्मं झालं तेव्हा मेडिक पोचले. त्यांनी बोट टोचलं. आकडा बघून मेडिक दाढीवाल्याला म्हणाला, "बेचाळीस. सत्तरच्या वर हवा. आणि हा आकडा ज्यूस घेतल्यानंतरचा." दाढीवाल्याने टोपी काढून हातात धरली. पोलीस आला तेव्हा तोच पुढे होऊन त्याच्याशी बोलला. पोलिसाने वहीसुद्धा उघडली नाही.

प्रथमोपचाराच्या तंबूत ज्ञानदा हळूहळू परत आली. आधी थंडी वाजतेय म्हणाली, मग स्वेटर कुठाय विचारलं, मग अबोलीच्या ज्यूसने माखलेल्या कपड्यांकडे बघून ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"कधीपासून?" अबोलीने विचारलं.

"नववीपासून. टाइप वन."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"आई म्हणाली, तिकडे कोणाला सांगू नको. मराठी लोकांना तर मुळीच नाही. गेल्या वर्षी एक लग्न ठरता ठरता मोडलं ना, कोणीतरी जाऊन सांगितलं म्हणून." ज्ञानदा ब्लँकेटचं टोक मुरडत होती. "मला वाटलं, सांभाळते मी. इतकी वर्षं सांभाळलंच की."

"मी तुला गाडीत झोपवणार होते ज्ञानदा. पांघरूण घालून, काच लावून."

मेडिकने आणलेलं सँडविच ज्ञानदाने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. हॉस्पिटलला नेऊ का, असं त्याने दोनदा विचारलं. आकडा वर येऊन टिकतोय हे पाहिल्यावरच त्याने त्यांना सोडलं, तेही थांबत थांबत, तपासत जा अशी ताकीद देऊन.

गाडीत बसल्यावर फोन आधी ओरडलाच; सेन्सरचे इशारे त्यावरच यायचे. ज्ञानदाने तो बंद केला आणि ॲपमध्ये अबोलीचा नंबर घातला. मग बॅगेच्या आतल्या कप्प्यातून शुगर चढवणारा, नाकात मारायचा स्प्रे काढून दाखवला. "मी बेशुद्ध असले तर हा. ज्यूस नाही, श्वासनलिकेत जाईल." अबोलीने स्प्रे उलटसुलट करून पाहिला.

"रीमालाही माहीत पाहिजे," ती म्हणाली.

"नको ना. तिची मावशी इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे."

"मी आठवड्यातले पाच दिवस लॅबमध्ये असते. घरून काम करणारी तीच. तुझ्या लग्नाचं मला काही कळत नाही, पण उद्या तू किचनमध्ये पडलीस आणि तिने तुला उचलून पलंगावर ठेवलं तर?"

"तो माझा प्रश्न आहे."

"आज नव्हता."

घाटात पाऊस लागला. अबोलीने वायपर लावले. बोललो ते जास्त झालं का, हे तिला कळत नव्हतं आणि माफी मागायची इच्छाही नव्हती. पलीकडे उतार लागला, फोनला रेंज आली, तशी ज्ञानदाने न विचारता फोन स्पीकरवर लावला.

"रीमा, बिझी आहेस का? एक सांगायचं होतं. मला डायबेटिस आहे. टाइप वन. लहानपणापासून."

अबोलीने फोनकडे एक नजर टाकली.

"म्हणजे फ्रीजमध्ये दह्यामागे तो डबा आहे तो इन्सुलिनचा?" रीमा म्हणाली. "अगं, मला वाटलं अबोलीने लॅबमधून उंदरांचं काहीतरी आणून ठेवलंय. मी तीन महिने त्या कप्प्यातलं दही खाल्लं नाही!"

ज्ञानदा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. अबोलीने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावला, आणि तिचं रडून होईपर्यंत दोघी तिथेच थांबल्या.