डावीकडचं मीठ

"पद्मा, मीठ वाढायला विसरलीस."

"विसरले नाही."

जयंतराव ताटाकडे बघत राहिले. दुधीची भाजी, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर. डावीकडे, जिथं लग्न झाल्यापासून चिमूटभर मीठ असायचंच, तिथं नुसतं स्टील चकाकत होतं.

"मीठ नसतं ते नैवेद्याच्या पानात. मला काय देव केलंस की काय?"

"हो. मग देवासारखं गप्प जेवा."

एवढं बोलून पद्मजाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून पोटभर हसल्या. असं हसू त्यांना कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

जयंतरावांच्या हृदयात स्टेंट बसवल्यावर गुरुग्रामचा तो तरुण डॉक्टर म्हणाला होता, "मैडम, हमारा काम हो गया. अब नमक, तेल, सिगरेट, सुबह की सैर, सब आपके हाथ में है." त्या घरातलं काही पद्मजाबाईंच्या हातात पहिल्यांदाच येत होतं. त्यांनी ते घट्ट धरलं. सिगारेटचं पाकीट जयंतरावांच्या डोळ्यांदेखत चुरगाळून कचऱ्यात टाकलं. फरसाणाचे डबे कामवालीला देऊन टाकले. सकाळी सोसायटीच्या बागेत पुढे त्या आणि मागे जयंतराव.

"अगं, जरा हळू चाल ना."

"गप्पा मारता येताहेत म्हणजे दम लागलेला नाही. चला."

रात्री मॅच ऐन रंगात आली की टीव्ही बंद, कारण झोप पुरेशी हवी. बेंगळुरूहून त्यांची मुलगी तनया फोनवर गहिवरायची, "आई, बाबांचं किती करतेस यार!" लोक याला सेवा म्हणत होते. पद्मजाबाई मनातल्या मनात याला सूड म्हणत होत्या. जयंतरावांनी इतक्यात मरायचं नव्हतं. मेलेला माणूस शरमेनं मान खाली घालत नाही, आणि त्यांना ती मान खाली गेलेली बघायची होती.

गोष्ट जुनी, दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली. पद्मजाबाई तेव्हा पहाडगंजच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवायच्या. एका शनिवारी जयंतरावांनी आगाऊ न सांगता ऑफिसातली मंडळी जेवायला आणली. शाळेतून धावतपळत येऊन केलेल्या आमटीत मीठ पडायचं राहून गेलं. जयंतरावांनी एक घास घेतला आणि ताट भिरकावलं. आमटी बाईंच्या अबोली साडीवर उडाली. "लोकांची पोरं सांभाळता येतात आणि घरची आमटी नाही? उद्यापासून शाळा बंद. मला घरी गरम पोळी पाहिजे." मंडळी हसली होती. शाळा सुटली ती सुटलीच.

स्टेंटनंतरच्या तपासणीत डॉक्टर खूश झाला, तेव्हा पद्मजाबाईंनी ठरवलं की आता वेळ झाली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी हरीश अजून दिल्लीतच होते. त्यांना रविवारी मुद्दाम जेवायला बोलावलं आणि तशीच आमटी केली. चिंच, गूळ, गोडा मसाला, सगळं घातलं. मीठ घातलं नाही.

हरीशनी पहिला भुरका मारून तोंड वाकडं केलं. "वहिनी, सॉरी हं, पण यात मीठ राहिलंय बहुतेक."

"बिल्कुल छान झालीये," जयंतराव म्हणाले. "खा गुपचूप."

पद्मजाबाई पळी घेऊन उभ्याच होत्या. "आज नाही ताट भिरकावलंत?"

"मी? मी कशाला ताट भिरकावीन?"

"अरे यार, सरोजिनी नगरला नव्हतं का?" हरीश हसायला लागले. "सगळी आमटी वहिनींच्या साडीवर! आणि आपण सगळे..." पद्मजाबाईंचा चेहरा बघून त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

जयंतराव गोंधळले. "खरंच आठवत नाही गं. शाळा तर तू कंटाळून सोडलीस ना? मी सगळ्यांना तेच सांगत आलोय."

पद्मजाबाईंना वाटलं, हातातली पळी याच्या डोक्यात हाणावी. ज्या ताटाचा आवाज त्या जन्मभर ऐकत आल्या, ते या माणसाच्या लक्षातही नव्हतं. मान खाली घालायला आधी आठवायला तरी हवं!

"त्या पोरांचा मला एक दिवस कंटाळा आला नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा आला."

जयंतरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी झाली. परत आल्यावर पद्मजाबाईंनी स्वयंपाक उरकला, एक ताट झाकून ठेवलं आणि त्या चांगली साडी नेसल्या.

"मी पहाडगंजला शाळेत जातेय. पोरांना गोष्टी सांगायला कुणी हवंय का, विचारून येते. तुमच्या पोळ्या गार होतील."

"चालेल."

"ताटात मीठही वाढलंय. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. खायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी आता पहारा देणार नाही."

मेट्रोत त्यांना उगाचच धाकधूक होत राहिली. शाळेत नव्यानं आलेल्या हेडबाईंनी चहा दिला, बुधवारपासून या म्हणाल्या. व्हरांड्यात एका अनोळखी मुलीनं "बाई, नमस्ते" म्हटलं, तेव्हा मात्र डोळे भरून आले आणि मग रागही आला. ही हाक त्यांना इतकी वर्षं मिळायला हवी होती.

उन्हं उतरताना त्या घरी आल्या. ताट घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं. बाजूला एका वाटीत ताटातलं चिमूटभर मीठ काढून ठेवलेलं, जसंच्या तसं.

जयंतराव बाल्कनीत बसले होते.

"पद्मा," ते म्हणाले, "ती साडी... अबोली रंगाची होती ना? डाग गेला का गं तिचा?"

"नाही."

त्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती मान, पांढऱ्या केसांची, बारीक झालेली, पद्मजाबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. हवा होता तसा आनंद काही झाला नाही. त्यांनी वाटीतलं मीठ बरणीत परत टाकलं आणि सकाळच्या फेरीसाठी जयंतरावांचे बूट दाराशी काढून ठेवले.